विस्मृतीचे दुखणे आणि रात्रीचे घड्याळ

३ नोव्हेंबर १९०६ रोजी जर्मनीतील ट्युबिंगेन गावी मनोविकारतज्ज्ञांची एक सभा भरली होती. अलॉइस अल्झायमर या डॉक्टरांनी तीत ऑगुस्टे डेटर या स्त्रीची हकिकत मांडली. १९०१ साली फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात दाखल झाली तेव्हा ती अवघी ५१ वर्षांची होती, आणि स्वतःचे नाव लिहितानाही अडखळत असे. एप्रिल १९०६ मध्ये तिचे निधन झाले. तिच्या मेंदूच्या पातळ कापांत अल्झायमर यांना पेशींबाहेर साचलेले थर आणि पेशींच्या आत पडलेल्या तंतूंच्या गाठी दिसल्या. व्याख्यान संपले, पण सभेत कोणी एक प्रश्नसुद्धा विचारला नाही.

त्या थरांना आणि गाठींना पुढे इतिहासात अढळ स्थान मिळाले. हकिकतीतला दुसरा भाग मात्र मागे पडला. ऑगुस्टेला झोप लागत नसे. ती अंथरुणे-चादरी ओढत फिरे, ऐन रात्री तासन्‌तास ओरडे. आपल्याकडच्या ज्या घरांत असा रुग्ण आहे, त्यांना हे वर्णन परके वाटणार नाही. तिन्हीसांजा झाल्या की आजी कावरीबावरी होते, स्वतःच्याच घरात बसून ‘मला घरी न्या’ म्हणते, आणि दिवसभर पेंगणारे आजोबा रात्री दोनला कडी काढू पाहतात. वैद्यकाने या साऱ्याला दीर्घकाळ आजाराचा उपद्रव मानले. तो आजाराचा गाभा असू शकेल, असे फारसे कोणाच्या मनात आले नाही. स्मृती एका शास्त्राकडे गेली, झोप दुसऱ्याकडे, आणि दोघांची गाठ पडायला शतकातला बराच काळ जावा लागला.

दुसऱ्या शास्त्राचा उगम लाजाळूच्या झाडाशी आहे. १७२९ साली द मेरान या फ्रेंच खगोलज्ञाने लाजाळू अंधारात ठेवली, तरी तिची पाने ठरल्या वेळी उघडत-मिटत राहिली. म्हणजे वेळ झाडाच्या आतच होती. विसाव्या शतकात एर्विन ब्युनिंग यांनी घेवड्याच्या वेलांवर प्रयोग करून ही आतली लय आनुवंशिक असल्याचे दाखवले. योगायोग असा की ब्युनिंग यांची पुढची बरीच कारकीर्द त्याच ट्युबिंगेनमध्ये झाली. साठच्या दशकात तेथे त्यांच्याकडे काम केलेले एम. के. चंद्रशेखरन भारतात परतले आणि मदुराई कामराज विद्यापीठात त्यांनी या विषयाची भारतीय परंपरा रुजवली.

त्यांच्या गटाचा १९७८ चा वटवाघळांवरील प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. जिथे दिवसरात्र अंधारच असतो अशा गुहेच्या आतल्या भागात त्यांनी एक वटवाघूळ पिंजऱ्यात ठेवले. बाहेर जाणारी-येणारी इतर वटवाघळे त्याच गुहेत होती, तोवर पिंजऱ्यातल्या कैद्याची हालचाल त्यांच्या वेळेशी जुळलेली राहिली. निर्जन गुहेत मात्र त्याचे घड्याळ आपल्याच चालीने भरकटत गेले. जिवाला वेळ कळते ती नुसत्या उजेडाने नव्हे, सोबतीनेही. या निष्कर्षाकडे शेवटी पुन्हा येऊ.

आता छत्तीसगडकडे. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली. त्याच वर्षी फ्रान्झ हालबर्ग यांनी अमेरिकेत ‘सर्कॅडियन’ हा शब्द घडवला. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘सुमारे एक दिवस’. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नव्हता, पण रायपुरात बसून हा इतिहास वाचताना त्या शेजारी ठेवल्यावाचून राहवत नाही. झोतभट्टी रात्री विझवता येत नाही. तिच्यासाठी माणसांना तीन पाळ्यांत वाटावे लागते. एका विज्ञानाने शरीरातल्या घड्याळाचे बारसे केले, त्याच वर्षी एका उद्योगाने या परिसरातल्या हजारो शरीरांना त्या घड्याळाविरुद्ध चालायला लावले.

रायपूरच्या पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठात प्रा. ए. के. पती यांच्या गटाने कालजीवशास्त्राचे काम उभे केले. त्यातले काही आपल्या तळ्यांतल्या मांगूर-सिंगी माशांवर आहे. हे मासे हवा गिळायला पृष्ठभागावर येतात, आणि त्या येण्यालाही लय असते. पण या गटाचे सर्वांत लक्षणीय काम माणसांवरचे आहे. पाळी बदलत काम करणाऱ्या परिचारिकांच्या शरीरलयी एकमेकींपासून कशा सुटत जातात, याचा अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाला. २००१ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात पाळीकामाचे परिणाम आणि व्यवस्थापन यांचा विस्तृत आढावा आला. पुढे प्रा. आरती परगनिहा आणि सहकाऱ्यांनी कर्करुग्णांच्या मनगटावर घड्याळासारखे ॲक्टिग्राफ यंत्र बांधून त्यांच्या विश्रांती-हालचालीची लय निरोगी माणसांच्या तुलनेत किती ढासळली आहे ते मोजले.

भौतिकीचा विद्यार्थी म्हणून मला या मोजणीची पद्धत मोहवते. हालबर्ग यांची ‘कोसायनर’ रीत म्हणजे दिवसभराच्या आकड्यांवर एक कोसाइन वक्र बसवणे. त्यातून तीन गोष्टी मिळतात: लयीची मध्यपातळी, तिचा आयाम आणि तिच्या शिखराची वेळ. सारे दुखणे बहुधा आयामात दिसते. दिवस पुरेसा उंच राहत नाही, रात्र पुरेशी खोल राहत नाही.

आयाम का घटतो? १९७२ साली उंदरांवरच्या दोन स्वतंत्र संशोधनांनी मेंदूतल्या मुख्य घड्याळाची जागा दाखवली. डोळ्यांकडून येणाऱ्या चेतातंतूंच्या छेदाच्या किंचित वर सुमारे वीस हजार पेशींचा एक पुंजका असतो. यातली प्रत्येक पेशी स्वतंत्र दोलक आहे आणि परस्परबंधनामुळे साऱ्या एका तालात चालतात. बंधन सैल झाले की प्रत्येक घड्याळ चालूच राहते, पण कोणी पुढे, कोणी मागे. बेरीज सपाट होते. वारकऱ्यांच्या दिंडीत प्रत्येकाचा टाळ वाजत असावा पण ठेका हरपावा, तशी ही स्थिती असते.

दोन शास्त्रांची पहिली ठळक भेट १९८५ साली ॲम्स्टरडॅममध्ये झाली. डिक स्वाब आणि सहकाऱ्यांनी मृत व्यक्तींच्या मेंदूंत या पुंजक्यातल्या पेशी मोजल्या. अतिवृद्धांत त्या घटलेल्या होत्या आणि स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांत त्याहून अधिक. ऑगुस्टेच्या जागरणाला मेंदूत ठावठिकाणा मिळण्याची ही सुरुवात होती. २००९ मध्ये अमेरिकेतील सेंट लुईस येथील गटाने दाखवले की उंदराच्या मेंदूतले ॲमिलॉइड-बीटा, म्हणजे अल्झायमर यांना दिसलेल्या थरांचे मूळ द्रव्य, जागेपणी वाढते आणि झोपेत उतरते. झोप तोडत राहिले तर थर अधिक साचतात. २०१३ मध्ये रॉचेस्टरच्या मायकेन नेडरगार्ड यांच्या गटाने मांडले की झोपेत उंदराच्या मेंदूतल्या पेशींमधील जागा सुमारे ६० टक्क्यांनी वाढते आणि द्रव त्यातून कचरा धुऊन नेतो.

‘झोप म्हणजे मेंदूची साफसफाई’ हे वाक्य तेव्हापासून समाजमाध्यमांवर सुविचारासारखे फिरते आहे. २०२४ मध्ये लंडनच्या एका गटाने उंदरांतच नेमके उलट, म्हणजे झोपेत निचरा मंदावल्याचे, मोजले, ही बातमी मात्र तेवढी फिरली नाही. वाद अजून मिटलेला नाही. माणसांबाबत ब्रिटनच्या सुमारे आठ हजार सरकारी कर्मचाऱ्यांवरील २५ वर्षांच्या पाहणीचा आधार आहे. वयाच्या पन्नाशी-साठीत सातत्याने सहा तास किंवा कमी झोपणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी अधिक आढळले. तरीही तोकडी झोप हे कारण, की वीस वर्षे आधीच सुरू झालेल्या आजाराची ती पहिली खूण, याचा पूर्ण निवाडा अशा पाहणीतून होत नाही. माझा कल दुहेरी चक्राकडे आहे: आजार घड्याळ मोडतो आणि मोडके घड्याळ आजार वाढवते.

भारतात साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के व्यक्तींना, म्हणजे जवळपास ८८ लाखांना, स्मृतिभ्रंश असल्याचा २०२३ साली प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. यांतले बहुतेक घरीच सांभाळले जातात, बऱ्याचदा आतल्या खोलीत, अर्ध्या उजेडात. नेदरलँड्समधील १२ वृद्धाश्रमांतल्या १८९ रहिवाशांवरचा २००८ चा प्रयोग येथे आठवावा. बैठकीच्या खोल्यांत दिवसभर सुमारे १००० लक्स उजेड ठेवल्यावर आकलनशक्तीची घसरण थोडी, सुमारे पाच टक्क्यांनी, मंदावली. उदासीही कमी झाली. मेलाटोनिनच्या गोळ्या उजेडाविना दिल्या तेव्हा मनःस्थिती उलट बिघडली. पाच टक्के ही किरकोळ गोष्ट वाटेल. पण एवढा उजेड आपल्या ओसरीवर सकाळी फुकट मिळतो, आणि तिथे माणसांची ये-जाही असते. मदुराईच्या गुहेतल्या कैद्याला तेवढीच पुरली होती.

राहिला भिलाईचा प्रश्न. १९५९ साली विशीत कामाला लागलेले आज पंचाऐंशी ओलांडून गेले आहेत. त्यांच्यानंतरच्या दोन पिढ्याही पाळ्या संपवून रायपूर, दुर्ग, राजनांदगाव या भागांत स्थिरावल्या आहेत. पाळीकाम आणि स्मृतिभ्रंश यांच्या नात्याबद्दल जगातले निष्कर्ष एकमुखी नाहीत, कारण कोण किती वर्षे रात्री जागला याची विश्वासार्ह नोंद दुर्मीळ असते. मोठ्या कारखान्याचे हजेरीपत्रक ही तशी नोंद ठरू शकते. मनगटावर बांधायचे यंत्र आणि त्याचे आकडे वाचण्याची विद्या भिलाईपासून तासाभराच्या अंतरावर, रायपूरच्या विद्यापीठात, कित्येक वर्षांपासून आहे.