चित्र, शब्द आणि स्मरण

काही वर्षांपूर्वी शिक्षकांच्या एका प्रशिक्षण वर्गात बोलायला गेलो होतो. भिंतीवर एक रंगीत तक्ता लावलेला होता. माणूस वाचलेले १० टक्के लक्षात ठेवतो, ऐकलेले २० टक्के, पाहिलेले ३०, पाहिलेले आणि ऐकलेले ५०, स्वतः बोललेले ७० आणि स्वतः केलेले ९० टक्के. तक्ता सर्वांच्या परिचयाचा होता, माझ्याही. मागच्या बाकावरच्या एका शिक्षिकेने हात वर केला. ‘‘सर, हे आकडे कोणी मोजले? किती मुलांवर? आणि किती दिवसांनी?’’

मला उत्तर देता आले नाही. खरे तर हा प्रश्न मला आधीच पडायला हवा होता. खऱ्या मोजमापातून निघालेले आकडे असे एका ओळीत शून्यावर संपत नाहीत, हे प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माणसाला वेगळे सांगावे लागू नये.

शोध घेतला तेव्हा कळले ते असे. अमेरिकेतील एडगर डेल या शिक्षणतज्ज्ञांनी १९४६ साली दृक्‌श्राव्य साधनांवरील आपल्या पुस्तकात ‘अनुभवाचा शंकू’ नावाची आकृती दिली होती. तळाशी प्रत्यक्ष अनुभव, टोकाला केवळ शब्द, आणि मधे सहल, प्रदर्शन, चित्रपट, चित्र असे टप्पे. त्या आकृतीत टक्केवारी अजिबात नव्हती. ती नंतर कोणीतरी चिकटवली आणि तिला प्रयोगाचा आधार नव्हता. मग चित्र आणि शब्द एकत्र आले की चांगले लक्षात राहते, हेही खोटेच का? तसे नाही. फक्त त्यामागची खरी गोष्ट या तक्त्यापेक्षा बरीच जुनी आहे आणि वेगळीही.

ती प्राचीन ग्रीसमध्ये सुरू होते. इसवी सनापूर्वी पाचव्या-सहाव्या शतकातील सिमोनिडीस या कवीबद्दलची आख्यायिका सिसेरो या रोमन वक्त्याने नोंदवली आहे. मेजवानी चालू असताना सिमोनिडीस बाहेर गेला आणि दालनाचे छत कोसळले. आतली माणसे ओळखता येत नव्हती. पण कोण कुठे बसले होते ते त्याच्या डोळ्यांसमोर होते. त्या जागांवरून त्याने प्रत्येकाची ओळख पटवून दिली. यातून ‘स्थानपद्धती’ निघाली असे मानतात. ओळखीच्या घरातील जागा मनात क्रमाने घ्यायच्या, प्रत्येक जागी लक्षात ठेवायच्या गोष्टीचे एकेक चित्र ठेवायचे आणि आठवताना मनातल्या मनात त्या घरातून फिरून यायचे. हातात कागद न घेता तासन्‌तास बोलणारे वक्ते ही युक्ती वापरीत.

इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात लिहिलेल्या एका लॅटिन ग्रंथात या पद्धतीचे नियम दिले आहेत. त्याचा लेखक कोण हे निश्चित माहीत नाही. चित्रे साधी नकोत, विचित्र आणि ठसठशीत हवीत, असे तो सांगतो. पुढचा मुद्दा शिक्षकांसाठी अधिक महत्त्वाचा आहे. काही ग्रीक शिक्षक शब्दांसाठी तयार चित्रांच्या याद्या देत. या लेखकाला ते पसंत नव्हते. शिक्षकाने रीत शिकवावी, एखाददुसरे उदाहरण द्यावे आणि चित्रे विद्यार्थ्याला स्वतःची स्वतः शोधू द्यावीत, असे त्याचे मत होते.

मनातले चित्र कागदावर, मुलांच्या हातात आणण्याचे मोठे काम केले मोराव्हियात जन्मलेल्या कोमेनियस यांनी. न्यूरेंबर्ग येथे १६५८ साली त्यांचे लॅटिन आणि जर्मन अशा दोन भाषांतील सचित्र पाठ्यपुस्तक निघाले. त्यात सुमारे दीडशे चित्रे होती. चित्रातल्या प्रत्येक वस्तूला क्रमांक होता आणि शेजारच्या वाक्यात त्या वस्तूच्या नावाला तोच क्रमांक होता. मूल शब्दावरून वस्तूकडे आणि वस्तूवरून शब्दाकडे जात राही. सुरुवातीची मुळाक्षरेही कावळ्याच्या, कोकराच्या आवाजांशी जोडलेली होती. म्हणजे चित्र, अक्षर आणि ध्वनी या तिन्हींची सांगड साडेतीनशे वर्षांपूर्वीच घातली गेली होती. कोमेनियस यांनी चित्र शोभेसाठी घातले नव्हते, हे त्या क्रमांकांवरून दिसते.

विस्मरणाचे पद्धतशीर मोजमाप व्हायला मात्र १८८५ साल उजाडावे लागले. जर्मन संशोधक हेर्मान एबिंगहाउस यांनी सुमारे २३०० निरर्थक अक्षरगट तयार केले आणि ते स्वतःच पाठ करून स्वतःचीच परीक्षा घेतली. पाठ केलेली यादी काही काळाने पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात, हे त्यांनी मोजले. एका तासाने सुमारे ४४ टक्के श्रम वाचत, एका दिवसाने ३४ टक्के आणि महिन्याने २१ टक्के. म्हणजे विसरण्याचा वेग सुरुवातीलाच सर्वांत जास्त असतो. त्यांना आणखी एक गोष्ट आढळली. एकाच दिवशी ६८ वेळा घोकून जो परिणाम साधतो, तो तीन दिवसांत विभागलेल्या ३८ आवृत्त्यांनी साधतो. परीक्षेच्या आदल्या रात्री जागणाऱ्या विद्यार्थ्यांना हा आकडा अवश्य सांगावा. तो मोजलेला आहे.

विसाव्या शतकात नवनवी साधने आली आणि प्रत्येकाबरोबर मोठी आशाही. चित्रपटामुळे शाळेतली पुस्तके लवकरच कालबाह्य होतील, असे थॉमस एडिसन १९१३ साली म्हणाले होते. पुढे रेडिओ, दूरदर्शन आणि संगणक यांच्याबद्दलही तसेच बोलले गेले. पुस्तके राहिली. साधन म्हणजे माल पोहोचवणारा ट्रक. ट्रक बदलल्याने भाजीपाल्याचा कस वाढत नाही, असा युक्तिवाद अमेरिकी संशोधक रिचर्ड क्लार्क यांनी १९८३ साली केला. तो सर्वांना पटला नाही, पण प्रश्न योग्य जागी आला. साधन कोणते, यापेक्षा शिकणाऱ्याच्या मनात काय घडते?

याचे एक उत्तर कॅनडातील अ‍ॅलन पैव्हिओ यांनी १९७१ च्या आपल्या ग्रंथात मांडले होते. आपले मन शब्दांची आणि दृश्यप्रतिमांची नोंद दोन वेगळ्या पण परस्परांशी जोडलेल्या रीतींनी ठेवते. एखादी गोष्ट दोन्ही रीतींनी नोंदली गेली, तर आठवताना तिच्याकडे जायला दोन वाटा असतात. एक बुजली तरी दुसरी उरते.

स्टॅनफर्ड विद्यापीठात रिचर्ड अ‍ॅटकिन्सन आणि मायकेल रॉ यांनी १९७५ साली हेच एका कौशल्याच्या रूपात आजमावले. विद्यार्थ्यांना तीन दिवसांत १२० रशियन शब्द शिकायचे होते. कानावरच्या यंत्रातून रशियन शब्द ऐकू येई आणि संगणकाच्या पडद्यावर त्याचा इंग्रजी अर्थ दिसे. एका गटाला त्याबरोबर रशियन उच्चाराशी जुळणारा एक ओळखीचा इंग्रजी शब्द मिळे. तो शब्द आणि अर्थ यांना जोडणारे चित्र मात्र विद्यार्थ्याने स्वतः मनात रंगवायचे. नंतरच्या चाचणीत या गटाचे ७२ टक्के शब्द बरोबर आले, दुसऱ्या गटाचे ४६ टक्के. सहा आठवड्यांनी अचानक घेतलेल्या चाचणीत हे प्रमाण ४३ आणि २८ होते. आपल्या वर्गात ‘शॅलो’ म्हणजे उथळ हे शिकवताना, नदी इतकी उथळ की अंगावरची शाल न भिजता आजोबा पार झाले, असे चित्र एखादा मुलगा सहज सुचवील.

चित्र आणि शब्द जोडताना चूक कुठे होते, हे कॅलिफोर्नियातील रिचर्ड मेयर आणि त्यांचे सहकारी यांनी सायकलचा पंप, वीज कशी चमकते अशा छोट्या पाठांवर तपासले. मेयर यांचे पुस्तक २००१ साली आले. एका वेळी मनात धरता येणारा मजकूर मर्यादित असतो, हे त्याचे सूत्र. म्हणून चित्र आणि त्याचे स्पष्टीकरण शेजारी आणि एकाच वेळी यावे. हलते चित्र चालू असताना स्पष्टीकरण ऐकू यावे. तेच शब्द पडद्यावर वाचायलाही लावले तर डोळ्यांची ओढाताण होते. मनोरंजक पण असंबद्ध चित्रे आणि संगीत यांनी शिकणे कमी होते. एक सावधगिरी हवी. हे प्रयोग मुख्यतः महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर झाले आणि त्यांत पाठांतरापेक्षा आकलनावर भर होता. शब्द नवे असतील किंवा भाषा परकी असेल, तर ते लिहून दाखवणेही उपयोगी पडते.

एक दुवा अजून राहिला. अमेरिकेतील रोडिगर आणि कारपिकी यांनी २००६ साली विद्यार्थ्यांना उतारे दिले. एका गटाने उतारा चार सत्रांत वाचला. दुसऱ्याने एका सत्रात वाचला आणि पुढच्या तीन सत्रांत न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, ८३ विरुद्ध ७१ टक्के. आठवड्याने चित्र उलटले: वाचणारे ४०, आठवणारे ६१. वाचताना ‘मला येते’ असे वाटते. येते की नाही, हे पुस्तक मिटल्यावरच समजते.

हे सारे एका तासिकेत आणता येते. फ्रीडरिश मोह्‌स यांची १८१२ ची खनिजांच्या कठीणपणाची श्रेणी घ्या. शंखजिरे, जिप्सम, कॅल्साइट असे करत हिऱ्यापर्यंत दहा नावे, तीही क्रमाने. मुलांना शाळेच्या फाटकापासून वर्गापर्यंतच्या दहा जागा निवडू द्या. फाटकाला कोणीतरी पावडर फासली आहे, घंटेला प्लास्टर घातले आहे, अशी दोन उदाहरणे तुम्ही द्या आणि थांबा. बाकीची आठ चित्रे मुलांनी काढावीत. प्रत्येक चित्राला खनिजाचे नाव आणि क्रमांक हवा, कोमेनियस यांच्या पुस्तकासारखा. मग वह्या मिटून त्या वाटेने मनात फिरवा. दुसऱ्या दिवशी एकदा, आठवड्याने एकदा. खनिजे अशी का कठीण किंवा मऊ, हे समजावणे वेगळेच करावे लागेल. चित्रांची वाट ते काम करत नाही.

यासाठी संगणक असला तर चांगलेच, नसला तर खडू पुरतो. आणि त्या शिक्षिकेच्या प्रश्नाला आज माझ्याकडे उत्तर आहे: बाई, ते आकडे कोणी मोजलेच नव्हते. पण मोजता येतात. दहा खनिजे, तुमचा वर्ग आणि एक आठवडा, एवढे पुरे.