डब्यावरचे ‘एमए’

एटीव्हीच्या, म्हणजे खडबडीत वाटांवर चालणाऱ्या फुगीर टायरांच्या गाडीच्या, पुस्तिकेत तेलाच्या पानावर ‘जासो एमए’ ही अक्षरे अनेकदा सापडतात. हा कंपन्यांनी स्वतःचे महाग डबे खपवायला काढलेला फंडा आहे, असे बरेच मालक मानतात. इतिहास पाहिला तर ती अक्षरे छापायची वेळ मोटारींच्या तेलाने आणली, असे दिसते. होंडाने 1970 साली अमेरिकेत तीन फुगीर टायरांची यूएस90 ही एटीव्ही बाजारात आणली. थंडीत मोटरसायकली खपत नाहीत, तेव्हा विक्रेत्यांना दुसरे काही विकायला द्या, अशी तिथल्या शाखेची मागणी होती. ओसामू ताकेउची या इंजिनिअरने त्या गाडीला मोटरसायकलच्या घराण्यातलेच 89 सीसीचे फोर-स्ट्रोक इंजिन दिले. इंजिनाबरोबर मोटरसायकलची काटकसरही आली: पिस्टन, गिअर आणि क्लच या तिघांना मिळून एकच तेल. मोटारीत गिअरचे तेल निराळे असते आणि हाताने गिअर टाकायच्या गाडीत क्लच सहसा कोरडा. इथे मात्र तेलाने बेअरिंगवर घर्षण कमी करायचे आणि क्लचप्लेटांमध्ये ते टिकवायचे. वर गिअरचे दात तेलातले घट्टपणा टिकवणारे लांब रेणू चिरडत राहतात, त्यामुळे मल्टिग्रेड तेल लवकर पातळ होते ते वेगळेच.

यावर जुन्या लोकांचा आक्षेप ठरलेला: सत्तरच्या दशकात आम्ही मोटारीचेच तेल ओतत होतो, काही बिघडले नाही. हे खरेच आहे, कारण तेव्हा दोन्ही तेलांत फारसा फरकच नव्हता. 1975 साली अमेरिकेने मोटारींच्या सरासरी मायलेजचा कायदा केला आणि कारखानदार थेंबाथेंबाची बचत शोधू लागले. तेल पातळ झाले, त्यात घर्षण कमी करणारी द्रव्ये पडली. धुराड्यातला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर फॉस्फरसने निकामी होतो, म्हणून गिअरच्या दातांना झीज लागू न देणारे जस्त-फॉस्फरसचे मिश्रणही नव्वदच्या दशकापासून कमी होत गेले. मोटारीच्या दृष्टीने ही सुधारणाच होती. ओल्या क्लचच्या प्लेटा मात्र त्या तेलात घसरू लागल्या. 1998 साली जपानच्या ‘जासो’ या मानक संस्थेने क्लचमधले घर्षण मोजून जास्त घर्षणाचा एमए आणि कमी घर्षणाचा एमबी असे दोन वर्ग केले, ते या गोंधळावरचे उत्तर होते. कंपनीच्याच डब्याची सक्ती म्हणावी, तर वॉरंटीसाठी ठरावीक ब्रँड गळ्यात मारायला अमेरिकी कायद्याने 1975 सालीच मनाई केली. डबा कोणाचाही चालतो, वर्ग तेवढा जुळला पाहिजे.

फिल्टरची गोष्ट थोडी निराळी. मोटारीला तेलाचा फिल्टर विसाच्या दशकात मिळाला, पण होंडाच्या छोट्या इंजिनांनी कितीतरी वर्षे कागदी फिल्टरशिवाय निभावले. तळाशी एक जाळी आणि क्रँकशाफ्टबरोबर गरगरणारी एक वाटी, एवढाच सरंजाम. आपल्याकडच्या हीरो होंडा सीडी100 आणि स्प्लेंडरमध्येही तेच होते. मेकॅनिक उजवीकडचे कव्हर उघडतो, वाटीचे झाकण काढतो आणि कडेला थापून बसलेला काळा गाळ चिंधीने पुसून घेतो. नवा फिल्टर घ्यायचा प्रश्नच येत नाही. इंजिने मोठी झाली तसा कागदी फिल्टर आला आणि त्याच्याबरोबर निवडीची कटकटही. मोटारीचा फिल्टर कधीकधी आट्यांत बरोबर बसतो, म्हणून तो चालेलच असे नाही. कागद तुंबला की तेलाला आडवाट देणारा व्हॉल्व्ह किती दाबाला उघडतो, हे बाहेरून दिसत नाही.

आता खरा अवघड आक्षेप. 1985 साली पोलारिसने बेल्टवर चालणारी ट्रेल बॉस आणली आणि पुढे बेल्टच्या एटीव्ही बोकाळल्या. बेल्ट कोरडा, मग एमए हवे कशाला? जिथे तेलात भिजणारा क्लचच नाही, तिथे हा मुद्दा मान्य करावा लागतो. आपल्या दुकानांत गिअरच्या बाइकला एमए आणि ऑटोमॅटिक स्कूटरला एमबी असे वेगळे डबे मिळतात, ते याच हिशेबाने. पण यामाहाच्या ग्रिझलीत बेल्ट असूनही सेंट्रिफ्यूगल क्लच इंजिनच्याच तेलात बुडालेला असतो, आणि बेल्ट पाहून स्कूटरचा डबा उचलणारा नेमका तिथे फसतो.