मेमरी कार्ड उठता उठेना!

मंडळी, या वीकेंडला जरा आमच्या धंद्यातला इतिहास. नखाएवढ्या मेमरी कार्डाचा!

डेव्हलपमेंट बोर्डवर काम करणाऱ्यांना ही तक्रार पाठ असते: बोर्ड रीसेट केला की कार्ड गप्प, पण वायर उपसून परत लावली की सुतासारखं सरळ. 'कार्डच खराब आहे' म्हणून लोक मोकळे होतात. खरी गोष्ट बरीच जुनी आहे.

१९९७ मध्ये सॅनडिस्क आणि सीमेन्सने मल्टीमीडिया कार्ड आणलं. १९९९ मध्ये सॅनडिस्क, मात्सुशिता (म्हणजे पॅनासॉनिकवाले) आणि तोशिबा यांनी त्याच धर्तीवर एसडी कार्ड जाहीर केलं. कार्डाच्या पोटात एक छोटा कंट्रोलर असतो आणि त्यालाही उठायला वेळ लागतो. म्हणून व्होल्टेज २.७ वर पोचल्यावर निदान १ मिलिसेकंद थांबायचं, ४०० किलोहर्ट्झच्या आत राहून क्लॉकचे किमान ७४ ठोके द्यायचे, आणि मगच कमांड शून्य, म्हणजे 'रीसेट हो'. पुढे 'झालास का तयार?' असं विचारत बसायचं. उत्तराला कार्ड १ सेकंदापर्यंत वेळ घेऊ शकतं. शंभर मिलिसेकंदांत कंटाळणारा ड्रायव्हर एका कार्डावर चालतो आणि दुसऱ्यावर आपटतो, तो इथेच.

२००६ मध्ये २ जीबीच्या पुढची एसडीएचसी कार्डं आली आणि सोबत कमांड ८. ही न पाठवणाऱ्या जुन्या ड्रायव्हरला नवं कार्ड 'बिझी' एवढंच सांगत राहतं. जुनं कार्ड मात्र याच कमांडला 'ही कुठली?' म्हणतं. ती एरर नव्हे, ती त्याची ओळख!

खरी मेख पुढची. २०१० च्या सुमारास यूएचएस-१ मुळे वेगासाठी सिग्नल ३.३ वरून १.८ व्होल्टवर नेण्याची सोय झाली. पण ही एकेरी वाट आहे. परत ३.३ वर यायचं तर कार्डाची वीजच तोडावी लागते. रीसेट बटणाने प्रोसेसर नव्याने उठतो आणि ३.३ ने हाक मारतो, कार्ड १.८ वरच अडलेलं. संवाद खलास.

मग वीज तोडली की झालं? तेवढं सोपं नाही. सप्लाय बंद केला तरी डेटा लाइन्सच्या पुल-अप रेझिस्टरमधून चोरवाटेने वीज झिरपते आणि कार्ड अर्धवट जागं राहतं. व्होल्टेज ०.५ च्या खाली जाऊन निदान १ मिलिसेकंद टिकलं, तरच ते खरं 'बंद'.

म्हणून मी बोर्ड निवडताना सर्किट डायग्राममध्ये आधी कार्डाच्या सप्लायवर वेगळा स्विच आहे का ते बघतो. नसेल तर १.८ व्होल्टचा मोड सॉफ्टवेअरमधून बंद. वेग थोडा जातो, जाऊ दे. टेबलावर वायर उपसायला आपण असतो. डोंगरावरच्या हवामान केंद्रात रात्री दोनला वॉचडॉगने रीसेट मारला, तर कोण जाणार?