निळी रेषा, तांबडी रेषा

परवा मामांचा फोन आला. आवाज चढलेला. बारामतीत कऱ्हेच्या काठाजवळ त्यांनी बऱ्याच वर्षांपूर्वी पाच गुंठे जागा घेऊन ठेवली होती. निवृत्तीनंतर घर बांधायचं म्हणून. आता नकाशा काढायला गेले तर इंजिनियर म्हणाला, "काका, तुमची जागा निळ्या रेषेच्या आत येते. बांधकामाला परवानगी मिळणार नाही."

"अरे, ज्या नदीत वर्षातले आठ महिने पोरं क्रिकेट खेळतात, तिला कसली पूररेषा?" मामांचा सवाल.

फोन ठेवला, पण सवाल डोक्यातून जाईना. कारण मामांचं अगदीच चुकत नाही. बारामती-इंदापूर हा मूळचा दुष्काळी टापू. सह्याद्री पाऊस अडवतो, इकडे उरतात ढग. या भागाचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास म्हणजे पाणी कसं आणलं याचाच इतिहास. नीरा डावा कालवा १८७६-७७ च्या मोठ्या दुष्काळात दुष्काळी काम म्हणून सुरू झाला आणि १८८५ च्या सुमारास त्यातून पाणी वाहू लागलं. मग ऊस आला, गुऱ्हाळं आली, साखर कारखाने आले. इथल्या माणसाने पाण्याची वाट पाहिली. पाण्याला भ्यायला तो शिकलाच नाही.

पण नदी विसरत नाही. नीरा-नरसिंहपूरला, जिथे नीरा भीमेला मिळते, तिथलं देऊळ पाहा. घाटाच्या केवढ्या पायऱ्या चढून वर जावं लागतं! बांधणाऱ्यांकडे पूररेषेचा नकाशा नव्हता, पण पाणी कुठवर येतं हे त्यांना माहीत होतं.

आपल्याकडे ही आठवण कागदावर आली १९८९ साली. पाटबंधारे खात्याने परिपत्रक काढलं. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती तांबडी. नदीपासून निळीपर्यंत बांधकाम नको. शेती, बाग, मैदान चालेल. निळी ते तांबडी या पट्ट्यात अटी घालून बांधा. २०२० च्या राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीप्रमाणे तिथे जोतं तांबड्या रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर उंच हवं.

गंमत म्हणजे "२५ वर्षांतून एकदा" म्हटलं की माणूस निर्धास्त होतो. एकदा आला, आता पंचवीस वर्षं सुट्टी! तसं नसतं. दरवर्षी शंभरात चार अशी ती शक्यता. वीस वर्षांचं गृहकर्ज काढलंत तर ते फिटायच्या आत असा पूर निदान एकदा दारात येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त. बँकेतला कोणी साहेब हे सांगत नाही.

आणि पूर आलेच की. सप्टेंबर २०१९ मध्ये पुरंदरमध्ये एका रात्रीत धो धो पाऊस झाला, नाझरे धरणातून पाणी सोडावं लागलं आणि दुसऱ्या दिवशी ते बारामतीत शिरलं. हजारो लोकांना हलवावं लागलं. ऑक्टोबर २०२० मध्ये इंदापूर तालुक्यातले ओढे कोपले. मे २०२५ मध्ये तर मृगाच्याही आधी इतका पाऊस झाला की पिंपळीजवळ नीरा डावा कालवाच फुटला. दुष्काळाने खोदलेला कालवा पावसाने फुटावा! जुन्या पावसावर मांडलेलं गणित पुन्हा करायला हवं, रेषा पुन्हा आखायला हव्यात, ते यासाठीच.

मग मामांच्या पैशांचं काय? इंदापूरकरांना एक रेषा आधीपासून ठाऊक आहे, उजनीच्या पाणफुगवट्याची. १९८० मध्ये धरण झालं, पळसदेवचं जुनं देऊळ पाण्यात गेलं, गावं उठली. मोबदला पुरेसा होता असं मी म्हणणार नाही. पण निदान जमीन घेतली गेली, हे सरकारने कबूल केलं. पूररेषेत तसं नाही. जमीन तुमच्याच नावावर राहते. सातबारा तोच, फक्त घर बांधता येत नाही. अमेरिकेत १९६८ च्या कायद्याने अशा नकाशांना पूरविम्याची जोड दिली. आपल्याकडे नकाशा आला, जोड काही आली नाही. रेषा खरी आहे आणि मामांचं नुकसानही खरं आहे. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

म्हणून जागा घेणाऱ्यांना एवढंच सांगेन, नुसता सातबारा बघू नका. त्यात क्षेत्र असतं, आकारणी असते; पाणी कुठवर चढतं ते नसतं. झोन दाखला काढा, पाटबंधारे खात्यात पूररेषा विचारा, आणि शेजारच्या म्हाताऱ्यालाही विचारा.

काल मामांचा पुन्हा फोन. आवाज उतरलेला. म्हणाले, "विकूनच टाकतो."

"घेणाऱ्याला रेषेचं सांगणार ना?" मी विचारलं.

बराच वेळ पलीकडून काहीच नाही. मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाले, "मला कुणी सांगितलं होतं?"

असो. अजून विकलेली नाही.