मैदानाचा तास

गेल्या जून महिन्यात शाळा उघडून आठवडा झाला नाही तोच एक पालक आमच्या दारात उभे राहिले. दुसऱ्याच्या शेतावर राबून तीन मुलांना शिकविणारे हे गृहस्थ रविवारची मिस्सा सहसा चुकवीत नाहीत, आणि तक्रार तर त्यांच्या तोंडून आम्ही कधी ऐकलीच नव्हती. ते म्हणाले, "फादर, रागावू नका. पोरं शाळेत शिकायला येतात, उड्या मारायला नाही. तेवढा मैदानाचा तास काढा अन् गणिताला द्या."

आम्हांला रागावण्याचा अधिकारच नव्हता. काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका गावी शाळेची जबाबदारी आमच्याकडे असताना, आम्ही स्वतः नेमके हेच केले होते. आदल्या वर्षी दहावीचा निकाल घसरला म्हणून शारीरिक शिक्षणाचे सारे तास आम्ही बीजगणिताला जोडले. निकाल थोडा सुधारलाही. परंतु त्याच वर्षी दसऱ्यानंतर आठवी-नववीचे बाक रिकामे होत गेले. धाराशिव-बीडकडील वाचकांना यामागचे कारण सांगण्याची गरज नाही. मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे कोयता घेऊन साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात, ती उन्हाळ्याच्या तोंडावरच परततात, आणि मुलेही त्यांच्याबरोबर जातात. त्याआधीच्या वर्षी मात्र खो-खोच्या संघातली पाच-सहा मुले हट्टाने आजीपाशी मागे राहिली होती. सामने होते ना! सामनेच नाहीत म्हटल्यावर मागे राहण्याचे कारण उरले नाही. बीजगणिताचे तास वाढविणाऱ्या आम्हांला हे साधे गणित त्या वेळी सुटले नाही.

त्या पालकांना आम्ही दारात जे उत्तर दिले ते अपुरे होते. पुरे उत्तर द्यायचे तर थोडा इतिहास सांगावा लागतो.

आमच्या जिल्ह्यातील शाळांचा इतिहास फार जुना नाही. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावाने दीर्घकाळ ओळखला गेलेला हा जिल्हा 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. 1956 साली तो मुंबई राज्यात व 1960 साली महाराष्ट्रात आला, 1982 साली त्यातून लातूर वेगळा निघाला आणि 2023 साली त्याला धाराशिव हे जुने नाव परत मिळाले. संस्थानात वरच्या शिक्षणाचे माध्यम उर्दू असल्याने मराठी मुलांची कुचंबणा होई. अशा काळात, 1921 साली, आजच्या लोहारा तालुक्यातील हिप्परगा या खेड्यात राष्ट्रीय शाळा सुरू झाली. पुढे हैदराबादच्या मुक्तिलढ्याचे नेतृत्व करणारे स्वामी रामानंद तीर्थ या शाळेत शिक्षक होते. आडबाजूच्या एका लहान शाळेने साऱ्या मराठवाड्याच्या इतिहासाला वळण दिले, हे आमच्या मुलांना पाठ्यपुस्तकातून क्वचितच कळते.

कॅथलिक मिशनरी मराठवाड्यात आले ते नागपूरकडून, संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या संघाचे. त्यांची पावले प्रथम गोदावरीकाठच्या वैजापूर-गंगापूर भागात उमटली. बालाघाटाच्या या टोकाला ती पुष्कळ उशिरा पोहोचली. औरंगाबाद धर्मप्रांत स्वतंत्र झाला तोच मुळी 1977 साली. तेव्हा मुंबई-वसईच्या वाचकांना परिचित असलेली जुनी दगडी इमारत आणि करंडकांनी भरलेले काचेचे कपाट इकडे शोधू नये. वांद्र्याच्या संत स्टॅनिस्लॉस शाळेचा आरंभ 1863 सालचा, आणि तिच्या हॉकीची कीर्ती आम्ही सेमिनरीत असल्यापासून ऐकत आलो आहोत. ती कथा त्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी सांगावी. आम्हांला बोलायचे आहे ते लहान शाळांविषयी, जिथे मैदान म्हणजे ढेकळे वेचून सपाट केलेला जमिनीचा तुकडा असतो.

अशाच जमिनीवर धाराशिवचा खो-खो वाढला. 1914 साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने या खेळाचे नियम बांधले. पण खेळ त्याहून कितीतरी जुना, आणि तो अवर्षणाच्या मुलखासाठीच निर्माण झाला असावा असे आम्हांला नेहमी वाटते. हिरवळ नको, चेंडू नको, बॅट नको. दोन खांब, चुन्याच्या रेघा आणि एका बाजूचे नऊ खेळाडू: आठ पाटीवर बसलेले, एक धावणारा. धावणाऱ्याने कितीही वेग दाखविला तरी योग्य क्षणी दुसऱ्याच्या पाठीवर थाप देऊन स्वतः खाली बसण्याची तयारी नसेल तर गडी बाद होत नाही.

आज धाराशिव हे महाराष्ट्रातील खो-खोचे एक ठळक केंद्र आहे. 2016 साली गुवाहाटी-शिलाँग येथे झालेल्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत भारतीय महिला संघाने सुवर्णपदक मिळविले, त्या संघाच्या कर्णधार सारिका काळे याच जिल्ह्याच्या. वयाच्या तेराव्या वर्षी त्या या खेळात आल्या. घरी दारिद्र्य इतके, की जवळजवळ दहा वर्षे आपण दिवसातून एकदाच जेवत होतो, असे त्यांनी 2020 साली अर्जुन पुरस्कार जाहीर झाल्यावर सांगितले. खो-खोच्या वाट्याला हा पुरस्कार तब्बल 22 वर्षांनी आला होता. त्या वेळी सारिकाताई तुळजापूरच्या तालुका क्रीडा अधिकारी होत्या. त्यांच्या कथेतील एक प्रसंग आम्हांला पदकांहून महत्त्वाचा वाटतो. 2016 साली घरच्या आर्थिक ओढाताणीने खचून त्यांनी खेळ सोडण्याचे ठरविले होते. त्यांचे प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी समजूत घातली आणि त्या मैदानावर परतल्या. प्रशिक्षक त्या दिवशी गावात नसते, बदली होऊन गेले असते, तर? 2025 च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला व भारतीय महिलांनी अंतिम सामन्यात नेपाळला 78-40 असे हरविले, तेव्हा आमच्या शाळेतील मुली आरडाओरडा करीत होत्या, आणि आमच्या मनात मात्र हाच प्रश्न घोळत होता.

गावात टिकून राहणाऱ्या शिक्षकाची गोष्ट निघाली की केनियातील एका शाळेची आठवण होते. इटेन हे तेथील पठारावरचे, समुद्रसपाटीपासून सुमारे 2400 मीटर उंचीवरचे गाव. तेथे संत पॅट्रिक हायस्कूल नावाची मुलांची कॅथलिक शाळा आहे. ती चालविली पॅट्रिशियन ब्रदर्सनी. हा संघ 1808 साली आयर्लंडमधील टलो येथे बिशप डॅनियल डिलेनी यांनी स्थापला. त्याच्या शाळा भारतातही आहेत. मसुरीची संत जॉर्ज शाळा त्यांपैकीच एक. 1976 साली ब्रदर कोल्म ओकॉनेल नावाचे अठ्ठावीस वर्षांचे आयरिश ब्रदर इटेनला भूगोल शिकवायला आले. मुक्काम थोड्या दिवसांचा ठरला होता. धावण्याच्या प्रशिक्षणाचे त्यांना काडीचेही ज्ञान नव्हते! त्या वेळी मुलांना धावण्याचे धडे पीटर फॉस्टर हे इंग्रज शिक्षक देत असत. त्यांचे बंधू ब्रेंडन फॉस्टर यांनी त्याच वर्षी माँट्रियल ऑलिंपिकमध्ये 10,000 मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळविले होते. फॉस्टर मायदेशी परतले आणि शिट्टी ब्रदर कोल्म यांच्या हाती आली.

ती त्यांनी पुन्हा खाली ठेवली नाही. मुलांकडे बघत बघत ते शिकले. कोणाचे खांदे आखडतात, कोणाचे पाऊल चुकीचे पडते, कोण घरून उपाशी आला आहे, हे ज्याला रोज दिसते तोच खरा प्रशिक्षक होऊ शकतो. 1988 च्या सेऊल ऑलिंपिकमध्ये या शाळेचा विद्यार्थी पीटर रोनो एकविसाव्या वर्षी 1500 मीटर शर्यतीत सुवर्णपदकाचा मानकरी ठरला. 1992 साली बार्सिलोनात मॅथ्यू बिरीर 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये पहिला आला. विल्सन किपकेटर याने 1997 साली, डेन्मार्कच्या वतीने धावताना, 800 मीटरचा विश्वविक्रम 1 मिनिट 41.11 सेकंदांवर आणला. 1989 पासून ब्रदरांनी सुट्टीतील शिबिरे सुरू केली आणि त्यांत मुलींनाही घेतले. तो विक्रम पुढे मोडणारा डेव्हिड रुडिशा या शाळेचा विद्यार्थी नव्हे. पण त्यालाही घडविले ब्रदर कोल्म यांनीच. 2012 साली लंडनमध्ये त्याने 1 मिनिट 40.91 सेकंदांत सुवर्णपदक घेतले. शाळेच्या आवारात नामांकित धावपटूंच्या नावाने झाडे लावलेली आहेत. करंडकांच्या कपाटापेक्षा ही कल्पना आम्हांला अधिक आवडली, आणि स्वस्तही वाटली.

येथे कोणी म्हणेल, केनियाची गोष्ट वेगळी. तिथली उंची वेगळी, माणसे वेगळी. त्यांना आम्ही आमच्याच धर्मप्रांताच्या सीमेत, बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यात नेतो. मांडवा गावचा शेतकऱ्याचा मुलगा अविनाश साबळे लहानपणी सहा किलोमीटर अंतरावरच्या शाळेत कधी चालत, कधी धावत जाई. बारावीनंतर तो सैन्यात महार रेजिमेंटमध्ये दाखल झाला, सियाचीनच्या थंडीत राहिला, आणि त्याच्या धावण्याला खरी दिशा सैन्यात मिळाली. त्याची शर्यतही स्टीपलचेसच. 3000 मीटरमध्ये 28 अडथळे आणि पाण्यावरच्या 7 उड्या! 1998 पासून 2018 पर्यंतच्या राष्ट्रकुल स्पर्धांत या शर्यतीची तिन्ही पदके दर वेळी केनियाकडेच गेली होती. 2022 साली बर्मिंगहॅमला साबळेने 8 मिनिटे 11.20 सेकंदांत रौप्यपदक मिळवून ही मालिका तोडली. सुवर्ण मिळविणारा केनियाचा अब्राहम किबिवोट त्याच्यापुढे होता तो अवघ्या 0.05 सेकंदाने. 2023 साली हांगझोऊ येथील आशियाई स्पर्धेत त्याला सुवर्णपदक मिळाले. आमच्याकडची किती मुले रोज इतकेच अंतर तुडवीत शाळेत येतात, हे हजेरीपटावरील वस्त्यांची नावे वाचली तरी कळते.

अर्थात मैदानाने शाळा तरतेच असे नाही, आणि हे लपविणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातील जर्सी सिटी येथे 1952 साली निघालेली संत अँथनी हायस्कूल ही फेलिशियन धर्मभगिनींची लहान शाळा होती. मुले बहुतेक गरीब वस्तीतली. शाळेला स्वतःचे व्यायामगृह नाही. बास्केटबॉलचा सराव कित्येक वर्षे भाड्याच्या सभागृहात चाले. प्रशिक्षक बॉब हर्ली यांची पोटापाण्याची नोकरी होती प्रोबेशन अधिकाऱ्याची. त्यांच्या कारकिर्दीत शाळेने अनेक वेळा राज्य अजिंक्यपद मिळविले व 2010 साली बास्केटबॉलच्या राष्ट्रीय कीर्तिमंदिरात त्यांचा समावेश झाला. तरीही पटसंख्या घटत गेली, पैशाचा मेळ बसेना, आणि 2017 च्या जूनमध्ये शाळा कायमची बंद झाली. वर्तमानपत्रात नाव आले म्हणजे शिक्षकाचा पगार भागतो असे नाही, हे संस्था चालविणाऱ्या आम्हां मंडळींना कोणी वेगळे सांगायला नको. पण त्या शाळेने पासष्ट वर्षे ज्या मुलांना रस्त्यावरून उचलून वर्गात बसविले, त्यांचे शिक्षण काही बंद झाले नाही.

संत पौलाने करिंथकरांना लिहिताना शर्यतीत धावणाऱ्यांचा दृष्टान्त दिला, तो करिंथजवळ दर दोन वर्षांनी भरणारे खेळ डोळ्यांसमोर असलेल्या लोकांसाठी. तरुण मुलांमध्ये काम करणाऱ्या संत जॉन बॉस्को यांनी तूरिनमध्ये प्रार्थनेइतकीच मैदानाचीही काळजी घेतली. आपल्या परंपरेत हे नवे नाही. सरकारी कायद्यातही नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला मैदान असावे असे स्पष्ट लिहिले आहे, आणि सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक मुले असतील तर शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक नेमावा, असेही. आपल्याकडे मात्र खेळाची आठवण होते ती दहावीच्या क्रीडागुणांचा अर्ज भरताना.

तर त्या पालकांकडे परत येऊ. मैदानाचा तास आम्ही काढला नाही. गणिताचा जादा तास सकाळी सुरू केला. बाई आनंदाने तयार झाल्या. दिवसाचा शेवटचा तास मैदानासाठी राखला, म्हणजे ज्यांना राहायचे आहे त्यांना उजेड असेपर्यंत राहता येईल. खो-खोचे नवे खांब गावातल्या सुताराने बाभळीचे करून दिले, मजुरी घेतली नाही. ते गृहस्थ ऐकून घेऊन गेले, पण पटल्याचे काही दिसले नाही.

दसरा झाला, ट्रक गावात येऊन उभे राहिले. मिस्सेनंतर ते पुन्हा भेटले, जरा संकोचूनच. त्यांचा मधला मुलगा या वर्षी येत नाही म्हणतो. तालुक्याचा सामना आहे म्हणे. त्याला आजीकडे ठेवला तर संध्याकाळी फादर जरा लक्ष ठेवतील का, एवढेच त्यांना विचारायचे होते.