सांडपाणी सांभाळणारी माणसे

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने मला 'काहीतरी इतिहासाबद्दल लिहा' असे सांगितले. सोसायटीची नोंदणी, पहिली कमिटी, पाण्याची टाकी, रंगकाम हे सगळे इतर मंडळी लिहीतच आहेत. मी निवडलेला विषय सर्वसाधारण सभेत निघाला की लोक घड्याळाकडे बघू लागतात. तो विषय म्हणजे आपल्या घरातून बाहेर पडणारे पाणी, आणि ते पाणी सांभाळायला रीतसर शिकलेली माणसे.

आयुष्य बँकेत गेले, म्हणून आधी हिशोब मांडतो. सरकारी मानकाप्रमाणे शहरातल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात. त्यातले साधारण ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते. चाळीस घरांच्या सोसायटीत घरटी चार माणसे धरली, तर रोज सतरा हजार लिटरच्या वर सांडपाणी झाले. दहा हजार लिटरचे पावणेदोन टँकर म्हणा ना! पावसाचे खाते वेगळे. हजार चौरस मीटरच्या गच्चीवर १०० मिलिमीटर पाऊस पडला की एक लाख लिटर पाणी खाली उतरते, आणि आपल्या डहाणूला असा पाऊस काही नवलाचा नाही. पाण्याची जमेची बाजू आपण रोज नळाखाली मोजतो. नावेची बाजू मात्र शेवटच्या चेंबरपाशी संपली असे समजतो.

ही बाजू माणसाने मोजायला सुरुवात केली ती रोगराईमुळे. १८५४ मध्ये लंडनच्या डॉ. जॉन स्नो यांनी कॉलऱ्याची साथ एका सार्वजनिक पंपाच्या घाण पाण्याशी जोडून दाखवली. आपल्याकडे १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि गटारे, वस्ती, स्वच्छता यांची चर्चा घरोघर पोचली. त्याच सुमारास, १८९७ मध्ये, माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्याच्या टाकीतून निघणारा गॅस गोळा करून वापरला गेला. सांडपाण्याच्या जागतिक इतिहासात माटुंग्याचे नाव आजही घेतले जाते, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

मोठी उडी १९१४ मध्ये मँचेस्टरला पडली. आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी सांडपाण्यात हवा सोडून बघितली. तळाशी बसलेला गाळ टाकून न देता त्यांनी तो पुढच्या पाण्यात पुन्हा मिसळला. आपल्या घरातल्या विरजणासारखेच! त्या गाळात घाण खाणारे जिवाणू असतात. त्यांना हवा मिळाली की ते काही तासांत काम उरकतात. आज मोठ्या संकुलांत जो 'एसटीपी' असतो, तो बहुतेक वेळा याच तत्त्वावर चालतो. या प्रयोगामागचे प्रेरणास्थान असलेले प्रा. गिल्बर्ट फाउलर १९१६ मध्ये बंगलोरच्या विज्ञान संस्थेत शिकवायला आले, म्हणजे हे ज्ञान आपल्या देशात यायला फार वेळ लागला नाही.

पण यंत्र आले म्हणजे ते चालवणारा आला असे होत नाही. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याने १९१८ मध्येच कायदा करून असे केंद्र चालवणाऱ्याला प्रमाणपत्र सक्तीचे केले. आपल्याकडे हा विचार दुसऱ्या कामांत दिसतो. बॉयलर चालवणाऱ्याला परीक्षा द्यावी लागते, वायरमनला परवाना लागतो. बँकेतसुद्धा सीएआयआयबी पास झाल्यावर इन्क्रिमेंट मिळायची, ती काही उगीच नाही. दुसऱ्याचा पैसा हाताळणाऱ्याला नियम ठाऊक हवेत, एवढाच त्यामागचा अर्थ. सांडपाणी केंद्राच्या ऑपरेटरसाठी मात्र असा देशभर सक्तीचा परवाना अजून नाही.

संस्था झाल्या, कायदे झाले. नागपूरला १९५८ मध्ये आज 'नीरी' म्हणून ओळखली जाणारी संस्था सुरू झाली. १९७० मध्ये महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले, १९७४ मध्ये केंद्राचा जल प्रदूषणाचा कायदा आला. नाशिकला महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाची 'मित्रा' ही प्रशिक्षण प्रबोधिनी आहे. २०१५ मध्ये हरित रोजगारासाठी राष्ट्रीय कौशल्य परिषद स्थापन झाली, आणि तिच्या यादीत सांडपाणी केंद्राचा मदतनीस आणि तंत्रज्ञ असे दोन्ही अभ्यासक्रम आहेत. म्हणजे शिकायची सोय आहे. विचारणारा ग्राहक नाही.

हा ऑपरेटर शिकतो तरी काय? टाकीतले पाणी एक लिटरच्या नळकांड्यात भरायचे, अर्धा तास हलवायचे नाही आणि गाळ किती खाली बसला ते वाचायचे. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन लिटरला साधारण दोन मिलिग्रॅम राहतो का ते बघायचे. फेसाचा रंग आणि वास ओळखायचा. ब्लोअर रात्री बंद ठेवून विजेचे बिल वाचवले की जिवाणू गुदमरतात, हे कमिटीला समजावून सांगायचे. पावसाचे पाणी मैल्याच्या लाइनमध्ये शिरू द्यायचे नाही, कारण एका जोरदार सरीत महिनाभर वाढवलेले जिवाणू वाहून जातात. साधी सेप्टिक टाकी असली तरी तिला कळणारा माणूस लागतो. पावसाळ्यात जमिनीतले पाणी वर आले की शोषखड्डा शोषेनासा होतो आणि घाण जवळच्या विहिरीकडे सरकते. आपल्या भागात विहिरी आणि चिकूच्या वाड्या शेजारी-शेजारी आहेत, म्हणून हे विसरून चालत नाही.

डहाणूला पर्यावरण हा शब्द नवा नाही. जून १९९१ मध्ये केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला आणि उद्योगांवर बंधने घातली. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने प्राधिकरण नेमले गेले. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते. दक्षिणेला तारापूर, उत्तरेला तलासरीच्या पलीकडे वापी. २००९ च्या केंद्रीय यादीत ही दोन्ही औद्योगिक क्षेत्रे अतिप्रदूषित ठरली, आणि २०१८ च्या यादीत तर तारापूर पहिल्या क्रमांकावर होते. दोन्हीकडे सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्रे आहेत, तरीही! नुसती टाकी बांधून भागत नाही, याचा याहून जवळचा पुरावा कुठला शोधायचा? आपण कारखान्यांकडे बोट दाखवतो ते बरोबरच आहे. पण घरचे सांडपाणी प्रत्येकाच्या स्वतःच्या सहीवर जाते.

आता सगळ्यात महत्त्वाचे. डिसेंबर २०१९ मध्ये गोवंडीच्या एका गृहनिर्माण सोसायटीची सेप्टिक टाकी साफ करताना तीन कामगार गेले. एप्रिल २०२४ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, विरारला, एका गृहसंकुलाच्या सांडपाणी केंद्रात चार जण गेले. बंद टाकीत हायड्रोजन सल्फाइड साठतो. थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो, जास्त झाला की नाकाला वासच कळत नाही. एक जण पडला की दुसरा त्याला काढायला उतरतो. म्हणून एकाच टाकीत अनेक जण जातात. २०१३ च्या कायद्याने सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस टाकीत उतरवणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई २०१४ मध्ये १० लाख ठरवली, २०२३ मध्ये ३० लाख केली. पण भरपाई म्हणजे नोंद झाली, माणूस परत येत नाही हो. आणि टाकीत उतरणारा कधी आपल्या घरातला नसतो, हेही प्रत्येकाने मनाशी कबूल करावे.

तलासरी आणि डहाणूच्या पाड्यांवरची कितीतरी मुले रोज वापी, उंबरगाव, तारापूरला कामाला जातात. त्यांच्यातलीच काही जण या कामाचे प्रमाणपत्र का घेऊ शकणार नाहीत? आपल्या भागाने हे एकदा करून दाखवले आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला इथल्याच बायकांना शिकवून बालसेविका तयार केल्या. 'मुले सांभाळणे हे काय शिकायचे काम आहे?' असे तेव्हाही लोक म्हणतच असतील. पुढे देशभरच्या अंगणवाड्यांनी तोच धडा गिरवला.

म्हणून नव्या कमिटीला माझी नम्र सूचना आहे. पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात तीन ओळी वाढवा. सेप्टिक टाकी ठरलेल्या मुदतीत यंत्राच्या गाडीनेच उपसायची, कोणीही आत उतरणार नाही. गच्चीचे पाणी मैल्याच्या लाइनपासून वेगळे आहे का, ते पावसाळ्यापूर्वी तपासून घ्यायचे. आणि काम देताना दर विचारण्याआधी प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र विचारायचे. आसपासच्या दहा सोसायट्यांनी असे विचारायला लागावे, म्हणजे शिकणारेही पुढे येतील आणि त्यांना योग्य पगारही मिळेल. बँकेत आम्ही म्हणायचो, मागणी असली की ठेव आपोआप येते.

पंचवीस वर्षांत आपण इमारत जपली, शेजारधर्म जपला. पुढच्या पंचवीस वर्षांत ही नावेची बाजूही तितक्याच नेकीने सांभाळू या. सर्व सभासदांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना रौप्यमहोत्सवाच्या मनःपूर्वक शुभेच्छा.