कहव्याचं भांडं आणि नानांची कल्हई

मेहुण्याने दुबईहून येताना आमच्यासाठी घरगुती एस्प्रेसो मशीन आणलं, त्याला तीन वर्षं झाली. गेल्या मे महिन्यात ते रुसलं. कपात धार पडायची तिथे थेंब पडू लागले आणि कॉफीला खवट वास येऊ लागला. दुरुस्तीवाल्याने मागचं झाकण उघडलं आणि म्हणाला, "सर, बिघाड काही नाही. तुम्ही हे कधी आतून साफच केलं नाही." नळीत चुन्यासारखा पांढरा थर बसला होता. तो पाहून मला नाना आठवले.

नाना म्हणजे अम्मीचे वडील. पनवेलमध्ये ते भांड्यांना कल्हई लावायचे. तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ ठेवला की तो कळकतो, म्हणजे तांबं त्यात उतरतं आणि खाणाऱ्याला बाधतं. म्हणून भांड्याला आतून कथलाचा थर द्यावा लागे. नाना जमिनीत खड्डा करून कोळसा पेटवत, भाता चालवत. भांडं तापलं की नवसागर टाकत. पांढरा धूर उठे. मग कथलाची कांडी टेकवून कापसाने ते झरझर फिरवत आणि भांडं चांदीसारखं उजळे. ईद, दिवाळी आणि लग्नसराईत त्यांना उसंत नसे.

मला मात्र त्या कामाची लाज वाटे. शाळेत कोणी विचारलं तर "नाना भांड्यांचा व्यापार करतात" असं मी सांगत असे.

आता कॉफीच्या इतिहासाकडे पाहू. पंधराव्या शतकात येमेनमधले सूफी रात्रीच्या जिक्रसाठी जाग राहावी म्हणून कहवा पीत. १५११ साली मक्केत खैर बेग या अधिकाऱ्याने त्यावर बंदी आणली, पण कैरोच्या सुलतानाने ती टिकू दिली नाही. सोळाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इस्तंबूलमध्ये कहवाखाने उघडले होते. आपल्याकडे बाबा बुदन या सूफींनी सतराव्या शतकात मोखा बंदरातून सात दाणे आणून चिकमगळूरच्या डोंगरावर लावले, अशी आख्यायिका आहे. पण पेय म्हणून कॉफी त्याआधीच इथे पोचली होती. जहांगीरच्या काळात आलेला इंग्रज पाद्री एडवर्ड टेरी तिचा उल्लेख करतो. सुरतेची जहाजं कापड घेऊन मोख्याला जात आणि परतताना कॉफीही आणत. शब्दही त्याच वाटेने आले. अरबीत दाण्याला 'बुन' म्हणतात, जुन्या मराठी-गुजरातीत तो 'बुंद' झाला. 'कहवा'चा तुर्कीत 'कहवे', युरोपात 'काफे' आणि फिरून आपल्याकडे 'कॉफी' झाला.

या सगळ्या प्रवासात कहवा शिजला तो बहुतेक तांब्याच्या भांड्यात. म्हणजे जिथे कहवा, तिथे कल्हई हवीच. कल्हई हा शब्दसुद्धा अरबी 'कलई'वरून आलेला आहे. मलायातल्या ज्या कलाह बंदरातून कथील येई, त्याचं नाव या शब्दात उतरलं असं मानतात.

पुढे यंत्र आलं. १८८४ साली तुरिनच्या अँजेलो मोरिओंदोने वाफेवर चालणाऱ्या कॉफीयंत्राचं पेटंट घेतलं. १९०१ साली मिलानच्या लुइजी बेझेराने एकेक कप ताजा काढणारं यंत्र आणलं. त्या यंत्रांचे बॉयलरही तांब्या-पितळेचेच. १९३३ साली इटलीतच गॅसवर ठेवायचं 'मोका' भांडं निघालं. त्याचं नाव आपल्या त्याच मोखा बंदरावरून पडलं आहे.

या इतिहासात सूफी, सुलतान आणि संशोधक यांची नावं आहेत. भांडं स्वच्छ आणि निर्धोक ठेवणाऱ्याचं नाव कुठे नाही. स्टील आणि ॲल्युमिनियम घरोघरी आलं, नानांचा भाता थंडावला. आम्हीही मान वळवली.

आता ते काम माझ्याकडे आलं आहे. नवी मुंबईत मोरबे धरणाचं पाणी तसं हलकं असतं, पण उन्हाळ्यात सोसायटीत टँकर येतो, त्यात बोअरचं जड पाणी असतं. असं पाणी तापलं की त्यातला कॅल्शियम कार्बोनेट बॉयलरला आतून चिकटतो. म्हणून दोन-तीन महिन्यांनी लिटरभर पाण्यात दोन चमचे लिंबूसत्त्व विरघळवून मी अर्धं मशीनमधून सोडतो, वीस मिनिटं थांबतो, उरलेलं सोडतो. मग साध्या पाण्याच्या दोन टाक्या काढतो. (बॉयलर ॲल्युमिनियमचा असेल तर आधी मशीनची माहितीपुस्तिका पाहावी.) दूध फेसाळलं की वाफेची नळी लगेच ओल्या फडक्याने पुसून क्षणभर वाफ सोडतो, नाहीतर आत दूध वाळतं. गाळणी रोज गरम पाण्याने धुतो. कॉफीचं तेल साचून जुनं झालं की खवट होतं. तो वास त्याचाच होता.

उर्दूत 'कलई खुलना' असा वाक्प्रचार आहे. वरचा मुलामा निघून खरं रूप उघडं पडणं, असा त्याचा अर्थ. परवा नववीच्या वर्गात तो शिकवताना लक्षात आलं की कलई म्हणजे काय हे एकाही मुलाला माहीत नाही. मग मी फळ्यावर भाता, नवसागर आणि कथील असे तीन शब्द लिहिले आणि सगळी रीत सांगितली. एका मुलीने विचारलं, "सर, तुम्हाला हे कसं माहीत?"

मी म्हटलं, "माझे नाना कल्हईवाले होते."

हे वाक्य वर्गात मी पहिल्यांदाच उच्चारलं. शिकवायला लागून तेव्हा वीस वर्षं झाली होती.